बिसिनोसिस : कापसाच्या धुळीचा विकार

साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर येताच छाती आवळणे व धाप लागणे, ही या व्यवसायजन्य फुप्फुसविकाराची ओळख. आरंभी त्रास त्या एका दिवसापुरता असतो. पुढे तो आठवडाभर टिकतो आणि श्वसनक्षमता कायमची घटते. सूतगिरणीत सर्वाधिक धूळ ब्लो रूम व कार्डिंग खात्यांत असते. तीमधील जिवाणूंचे अंतर्विष हे प्रमुख कारण मानले जाते. कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत हा रोग समाविष्ट होता. कर्मचारी भरपाई अधिनियमानुसार भरपाईही मागता येत असे. मात्र क्ष-किरण चित्रात त्याची स्वतंत्र खूण उमटत नाही. त्यामुळे पाळीपूर्वी व पाळीनंतर केलेली श्वसनचाचणी आणि कामगाराने कोणत्या खात्यात किती वर्षे काढली याची नोंद, हाच आधार उरतो. ती नोंद नसेल, तर दोष सहज विडीवर ढकलला जातो.