एका क्रियापदाचा खटला

तान्ह्या मुलाच्या दुधाचे मराठीत दोनच प्रकार: अंगावरचे आणि वरचे. वरच्यात गाय, शेळी, डब्यातली भुकटी सगळेच आले. या 'वरच्या' दुधावरून विसाव्या शतकात जो वाद झाला, तो बऱ्याच अंशी शब्दांचाच वाद होता.

डॉ. सिसिली विल्यम्स यांनी गोल्ड कोस्टमध्ये (आजचे घाना) काम करताना १९३५ साली 'क्वाशिओरकोर' हा शब्द वैद्यकीय वाङ्मयात रूढ केला. तो गा भाषेतला. धाकटे भावंड आल्याने अंगावरून तुटलेल्या मुलाचा आजार, असा त्याचा आशय. निदान तेथील बायकांच्या बोलीत आधीच झालेले होते, डॉक्टरीणबाईंनी ते ऐकले. (ऐकणे ही लहान गोष्ट नव्हे.) पुढे १९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबात त्यांनी बाळांसाठी आटवलेले गोड दूध खपवणाऱ्यांवर टीका केली. भाषणाचे शीर्षक होते 'मिल्क अँड मर्डर'.

१९७४ मध्ये ब्रिटनमधील 'वॉर ऑन वाँट' या संस्थेने माइक मुलर यांची 'द बेबी किलर' ही पुस्तिका काढली. भुकटी विष आहे, असे तिचे म्हणणे नव्हते. पण पाणी अस्वच्छ, सरपण महाग आणि डबा पुरवून वापरण्यासाठी दूध पातळ केलेले, अशा घरात बाटलीतून अतिसार आणि कुपोषण येते. शिवाय बाळ ओढेनासे झाले की आईचा पान्हाही आटतो, मग परतीची वाट अवघड.

बर्नमधील एका गटाने तिचा जर्मन अनुवाद केला आणि शीर्षक दिले 'नेस्ले बालकांना मारते'. मूळ शीर्षकात कंपनीचे नाव नव्हते. अनुवादात कर्ता आला आणि वर्तमानकाळी क्रियापदही. कंपनीने खटला भरला. इतर आक्षेप मागे घेतल्यावर वाद उरला तो शीर्षकापुरता. १९७६ मध्ये न्यायालयाने तेरा जणांना प्रत्येकी ३०० फ्रँक दंड केला. मात्र कंपनीनेही आपली जाहिरातपद्धती बदलायला हवी, असे बजावले. अनुवादाच्या वर्गात हा खटला जरूर शिकवावा. माझ्या मते शीर्षक अतिरेकी होते, पुस्तिकेतली तक्रार नव्हती.

पुढचे थोडक्यात. १९८१ ची जागतिक आरोग्य संघटनेची आचारसंहिता ११८ विरुद्ध १ मतांनी संमत झाली. विरोधी मत अमेरिकेचे. भारताच्या १९९२ च्या कायद्याने डब्यावर बाळाचे वा स्त्रीचे चित्र छापण्यासही बंदी केली.

मात्र ज्या आईला दूधच येत नाही, तिला या साऱ्यातून काय मिळाले? मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली. तेथे एका आईने दिलेले दूध पाश्चरीकरण करून दुसरीच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला पाजले जाते. ते अंगावरचेही आहे आणि वरचेही.