केकचे प्रवासात ढासळणे (वाशीम जिल्हा)

वाढदिवस, बारसे, साखरपुडा, डोहाळजेवण अथवा विवाहाचा रौप्यमहोत्सव अशा प्रसंगी घरीच भाजून, थरांवर थर रचून आणि क्रीमने मढवून सिद्ध केलेला केक समारंभस्थळी पोचण्यापूर्वी वाटेत कलणे, खचणे, दुभंगणे किंवा त्याचे आवरण ओघळणे, या आपत्तीचा, तिच्या कारणांचा आणि तिच्या निवारणाचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. आपत्ती म्हणून ती लहानच. परंतु एका स्त्रीचे दोन दिवसांचे श्रम आणि एखाद्या बालकाची वर्षभराची प्रतीक्षा ज्या जिनसात एकवटलेली असते, तो जिन्नस झाकण उघडताच विस्कटलेला दिसावा, हा क्षण करणारीस आणि यजमानास सारखाच कासावीस करणारा असतो, आणि म्हणूनच त्याचा विचार गांभीर्याने व्हावा असे आम्हांस वाटते.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. वाढदिवसाला निरांजनाने औक्षण करून गोडाचे जेवण वाढावे हा येथील जुना परिपाठ. केक त्याच्या शेजारी येऊन बसला तो अलीकडच्या पिढीत. प्रारंभी कढईत वाळू किंवा मीठ पसरून, अथवा शिटी आणि रबरी कडे काढलेल्या प्रेशर कुकरमध्ये, रव्याचा वा मैद्याचा साधा केक भाजला जाई, आणि तो जेथे भाजला तेथेच खाल्ला जात असल्याने त्याच्या रवानगीचा प्रश्न उद्भवत नसे. पुढे विजेचे छोटे ओव्हन घरोघर आले, २०२० च्या टाळेबंदीत पुष्कळ स्त्रियांनी हा हुन्नर मन लावून आत्मसात केला, आणि तालुक्याच्या गावी केक करणारी एक आणि पाच-दहा कोसांवरच्या खेड्यात तो कापणारे कुटुंब दुसरे, अशी स्थिती उत्पन्न झाली. या दोहोंमधल्या वाटेवरच केकचे भवितव्य ठरते.

ही वाट येथे विशेष कठीण का, हे जमिनीकडे पाहिल्यावाचून उमगत नाही. जिल्ह्याचा बराच भाग काळ्या कसदार मातीचा आहे. ज्या मातीवर येथील सोयाबीन, तूर आणि कापूस पोसला जातो, तीच माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून खोल भेगाळते, आणि तिच्यावर बांधलेला रस्ता तिच्याबरोबर वर्षानुवर्षे वरखाली होत राहिल्यामुळे, डांबर शाबूत असतानाही, लाटांसारखा उंचसखल बनतो. चालकाला ही चाल सवयीने जाणवेनाशी होते. परंतु मऊ क्रीमवर टेकलेल्या थराला ती प्रत्येक हेलकाव्यागणिक जाणवत असते. त्यात गावाच्या वेशीवरचे गतिरोधक. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी या टप्प्यात खुला झालेला समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो आणि त्याची सपाट काँक्रीटची वाट अशा वाहतुकीस आदर्श ठरावी; परंतु त्यावर दुचाकीस मज्जाव आहे, आणि येथील केक बहुधा दुचाकीवरूनच, मागे बसलेल्या मामाच्या वा काकाच्या मांडीवरून प्रवास करतो. मांडी ही या कामी सर्वांत अयोग्य जागा होय. ती उतरती असते, अंगाची ऊब खोक्याच्या तळाला पोचवते आणि चालकाने ब्रेक दाबताच सर्व भार पुढे लोटते.

उष्णता हा दुसरा शत्रू, आणि वैशाखात तोच पहिला. मे महिन्यात वाशीमचा पारा ४२ अंशांच्या पुढे जाणे नित्याचे आहे. दुधाच्या क्रीमला घुसळल्यावर जो उभा आकार येतो, तो हवेच्या सूक्ष्म बुडबुड्यांभोवती स्निग्धांशाच्या कणांनी धरलेल्या जाळीमुळे. कण थंड आणि घट्ट असतात तोवरच जाळी टिकते, आणि क्रीम दहा अंशांच्या वर जाऊ लागले की ती सैलावू लागते. वनस्पतिजन्य स्निग्धांशाचे, बाजारात गोठवून मिळणारे व्हिप क्रीम तुलनेने अधिक तग धरते, म्हणून या भागात त्याचाच वापर बहुतांशी होतो. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळते. कोकोचे लोणी ३४ अंशांच्या आसपास. यावरून हे स्पष्ट व्हावे की वैशाखातील दुपारी क्रीम, लोणी आणि चॉकलेट यांपैकी कोणाच्याही भरवशावर राहणे योग्य नाही. प्रश्न एवढाच उरतो की कोण किती मिनिटांनी हार खाईल. दोन भाग गडद चॉकलेट आणि एक भाग क्रीम अशा प्रमाणाचे गनाश सर्वांत शेवटी हारते, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

तिसरे कारण केकच्या अंतर्रचनेत आहे आणि त्याचा या जिल्ह्याशी संबंध निकटचा आहे. कारंजा हे जैन परंपरेचे जुने केंद्र, मालेगाव तालुक्यातील शिरपूर हे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे क्षेत्र, आणि वारकरी व माळकरी घरे तर गावोगाव. यामुळे बिनअंड्याच्या केकची मागणी येथे स्वाभाविकच मोठी आहे. अंड्यातील प्रथिने उष्णतेने घट्ट होऊन केकला जो सांगाडा देतात, तो येथे नसतो. दही, आटवलेले गोड दूध, सोडा आणि व्हिनेगर यांच्या साहाय्याने केक हलका फुगतो, चवीला मृदू आणि सुरेख लागतो, परंतु त्याच्या धारणेचा सर्व भार मैद्यातील पिष्ट आणि चिकट प्रथिने यांनाच वाहावा लागतो. असा केक उंच रचला, त्याच्या थरांना साखरेच्या पाकाने वाजवीपेक्षा अधिक भिजवले आणि मध्ये अननसाच्या ओल्या फोडी पसरल्या, म्हणजे वरचा थर खालच्यावर अक्षरशः तरंगू लागतो. तेव्हा केक ढासळला तर ती करणारीच्या कौशल्याची उणीव होय, असे जे सहज बोलले जाते, ते अन्यायाचे आहे. ज्या गुणांसाठी तो वाखाणला जातो, त्या मृदुतेनेच त्यास प्रवासाला असमर्थ केलेले असते.

प्रवास सोसणारे केक अन्यत्र नाहीत असे नव्हे. मुंबईच्या इराणी उपाहारगृहांतील मावा केक आवरणावाचूनच असतो आणि आगगाडीतून कोठेही जातो. गोव्याची बेबिंका थरांची असूनही दाट व घट्ट असल्याने दूरच्या नातलगांकडे सुखरूप पोचते. इंग्लंडातील पारंपरिक विवाहाचा सुक्या मेव्याचा केक अंड्याच्या पांढऱ्या बलकात घोटलेल्या साखरेच्या कठीण कवचात बंदिस्त असतो. आणि जेथे आकार फारच मोठा, तेथे तिकडेही केक पूर्ण करून पाठवीत नाहीत: २०११ साली राजपुत्र विल्यम यांच्या विवाहासाठी फिओना केर्न्स यांनी केलेला आठ मजल्यांचा केक राजवाड्यात सुटा नेऊन तेथेच उभारण्यात आला. वाशीमच्या परिस्थितीत हाच मार्ग आम्ही सर्वांत श्रेयस्कर मानतो. स्पंजाचे थर वेगळ्या डब्यात, क्रीम बर्फाच्या पेटीत, सजावटीचे साहित्य तिसऱ्या डब्यात, अशी रवानगी करून यजमानाच्या स्वयंपाकघरात अर्ध्या घटकेत केक उभा करावा. विदर्भात मुलीच्या पाठवणीची शिदोरी नेताना अनारसे, करंज्या आणि वड्या निरनिराळ्या दुरड्यांत भरण्याची जी रीत आहे, तिच्यामागील शहाणपण हेच होते.

पूर्ण केकच पाठवणे भाग असेल तर तो आदल्या रात्रीपासून शीतकपाटात घट्ट होऊ द्यावा. पुठ्ठा वाकणार नाही असा जाड असावा आणि केक त्यावर थोड्या क्रीमने चिकटवलेला असावा. थरांमधून वरपासून खालपर्यंत स्वच्छ लाकडी काड्या रोवाव्यात. खोका केकच्या मापाचाच घ्यावा. मोटारीत तो आसनावर न ठेवता पायाजवळच्या सपाट जागी, खाली रबरी जाळीचा तुकडा अंथरून ठेवावा. आणि निघण्याची वेळ पहाटेची अथवा दिवस मावळल्यानंतरची धरावी. एका डबीत उरलेले क्रीम, एक पट्टीसुरी आणि थोडे किसलेले चॉकलेट बरोबर देण्याची तजवीज असावी. दुरुस्तीचे हे साहित्य सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अधिक विसरले जाणारे आहे.

एवढे करूनही खोका उघडल्यावर केक ढळलेला दिसला तर पहिली गोष्ट ही की त्यास हात लावू नये. गरम केक सावरण्याचा प्रत्येक प्रयत्न नुकसान वाढवतो. खोक्यासकट तो शीतकपाटात ठेवावा. ते नसल्यास परातीत बर्फ पसरून, त्यावर ताट पालथे घालून त्यावर खोका ठेवावा आणि घरातील सर्वांत अंधाऱ्या, गार खोलीत अर्धा तास तसाच राहू द्यावा. या अवधीत दुसरी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, चौकशी करावी: तो खाण्यास योग्य उरला आहे काय. दुधाच्या क्रीमचा पदार्थ साध्या हवेत दोन तासांपेक्षा अधिक आणि ३२ अंशांवरील उष्म्यात एका तासापेक्षा अधिक राहिला तर तो टाकून द्यावा, हा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य दंडक आहे. कारण हाताळणीतून आलेले स्टॅफिलोकॉकस जातीचे जिवाणू अशा क्रीममध्ये जे विष निर्माण करतात, ते पुन्हा थंड केल्याने वा तापवल्यानेही नाहीसे होत नाही, आणि त्याला वास किंवा चवही नसते. केक पाहण्यास सुंदर राहिला पण तीन तास उन्हात होता, तर तो टाकावा. मोडून पडला पण थंड राहिला, तर तो निःशंकपणे वाढावा. रूपाकडे पाहून निर्णय घेण्याची आपली सवय येथे धोक्याची ठरते.

केक खाण्याजोगा आहे असे ठरल्यावर इलाज दुखण्याप्रमाणे करावा. केवळ आवरण फासले गेले असेल, तर पट्टीसुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, तिने पृष्ठभाग सारखा करावा आणि ज्या बाजूस खोक्याची भिंत लागली तेथे किसलेले चॉकलेट, खोबरे अथवा पिस्त्याचे काप दाबून लावावेत. थर घसरले असतील, तर केक पुरता थंड झाल्यानंतर दोन्ही बाजूंनी सपाट ताटल्या धरून, घाई न करता तो मागे सरकवावा आणि वरून काड्या रोवाव्यात. काड्या किती रोवल्या ते मोजून ठेवावे आणि कापण्यापूर्वी तितक्याच बाहेर काढाव्यात, कारण ताटावर मुले बसणार असतात. दुमजली केकचा वरचा मजला कलला असेल तर तो पुन्हा चढवण्याचा हट्ट न धरता त्याचा स्वतंत्र केक मांडावा. स्पंजच तुकडे तुकडे झाला असेल तर जो भाग धड आहे तो, कितीही लहान असो, मेणबत्ती लावण्यासाठी आणि कापण्यासाठी वेगळा काढावा. उरलेले तुकडे पेल्यांत क्रीम, कस्टर्ड आणि हंगामाचे फळ यांच्या थरांसह भरावेत. वैशाखात आंबा असतोच. बारीक चुरा उरतो त्यात कोमट गनाश कालवून लाडू वळावेत, ज्यांना आकार देण्यास विदर्भातील कोणत्याही घरात हात कमी पडत नाहीत.

ज्याचा वाढदिवस आहे ते मूल चार-पाच वर्षांहून मोठे असेल तर त्याच्यापासून काही लपवू नये. त्यास स्वयंपाकघरात बोलावून पेले भरण्याचे काम त्याच्या हवाली करावे. आपल्या हाताने रचलेल्या गोष्टीवर त्याचा जीव लवकर जडतो. औक्षणास केकची आवश्यकता नाही: निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी एवढ्यावर ते पूर्ण होते, म्हणून दुरुस्ती चाललेली असताना ते आधी उरकून घ्यावे, म्हणजे पाहुणे ताटकळत नाहीत. आणि ज्याने तो केक चाळीस किलोमीटर उन्हातून मांडीवर धरून आणला, त्यास त्या दिवशी कोणीही एक शब्द बोलू नये; त्याने खोका सोडला नाही, एवढे पुरेसे आहे.

विक्रीसाठी केक करणारीने अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये आपली नोंदणी करून घ्यावी. रवानगीतील नुकसानीचा वाद टाळण्यासाठी मागणी स्वीकारतानाच वाहतूक कोणाकडे राहील हे बोलून ठरवावे, केक हवाली करताना झाकण उघडून तो दाखवावा व त्याचे छायाचित्र घ्यावे, आणि किती वाजेपर्यंत तो कापला जावा ती वेळ खोक्यावर ठळक अक्षरांत लिहावी. उन्हाळ्यात सुट्या भागांची रवानगी व जागेवरील उभारणी यांसाठी वेगळा आकार घ्यावा आणि तो आधी सांगावा; दुरुस्तीचे साहित्य मात्र किमतीतच धरावे.