प्रश्नामागील गृहीते : डॉ. अरविंद जोशी यांच्या संशोधनाचा एक उपेक्षित धागा

कृत्रिम बुद्धीच्या इतिहासात डॉ. अरविंद जोशी (१९२९–२०१७) यांचे नाव बहुधा वृक्षाधारित व्याकरणपद्धतीशी निगडित केले जाते, आणि ते योग्यच होय. १९७५ मध्ये लेव्ही व ताकाहाशी यांच्यासह त्यांनी मांडलेल्या या पद्धतीचा पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेने ‘मंत्र’ या इंग्रजी-हिंदी अनुवादप्रणालीत उपयोग केला. पुण्यात जन्मलेल्या आणि १९५० साली पुणे विद्यापीठाची अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या या विद्वानाचे कार्य अशा रीतीने जन्मस्थानी परतले. तथापि, स्वतः निर्णय घेऊन कृती करणाऱ्या ज्या प्रणालींना आज ‘एजंट’ म्हणतात, त्यांच्या पूर्वेतिहासात जोशी यांचे दुसरे संशोधन अधिक मोलाचे ठरते.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात झेलिग हॅरिस यांच्या मार्गदर्शनाखाली १९५८-५९ मध्ये युनिव्हॅक यंत्रावर इंग्रजी वाक्यांचे पृथक्करण करणारी जी आज्ञावली सिद्ध झाली, तिच्या रचनेत जोशी सहभागी होते. परंतु वाक्य उलगडले म्हणजे विचारणाराचे मन उलगडले असे नव्हे. पासलीहून पुण्याला जाणारी सकाळची आगगाडी कोणती, असे एखाद्याने यंत्रास विचारले, अशी कल्पना करावी. यंत्राने ‘एकही नाही’ म्हटले, तर उत्तर अक्षरशः खरे. पण ऐकणारा दुपारच्या गाडीची वाट पाहील! वेल्ह्याच्या त्या डोंगराळ मुलखात लोहमार्गच नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

जोशी यांचे विद्यार्थी जेरोल्ड कॅप्लन यांनी १९७९ च्या प्रबंधात यावर जो उपाय योजला, तो विस्मयकारक साधेपणाचा आहे. उत्तर शून्य आले की प्रश्नाचे घटक पाडावयाचे आणि त्यांपैकी कोणता मुळातच रिक्त आहे ते माहितीसंग्रहात तपासावयाचे. यासाठी यंत्रास व्यवहारज्ञान लागत नाही. जोशी यांनी १९८२ मध्ये या विचारास तात्त्विक अधिष्ठान दिले. आपल्या बोलण्यातून श्रोत्याचा असत्य समज होण्याचा संभव असेल, तर अधिक माहिती देऊन तो टाळणे हे वक्त्याचे कर्तव्य होय, अशी दुरुस्ती त्यांनी ग्राइस यांच्या संभाषणनियमांत सुचविली. खरे बोलणे पुरेसे नाही, हा तिचा इत्यर्थ.

१९८४ मध्ये वेबर व वाइशेडेल यांच्यासह ते आणखी पुढे गेले. अनुत्तीर्ण होण्याच्या भीतीने विद्यार्थी विषय सोडता येईल काय असे विचारतो. ‘येईल’ एवढेच उत्तर त्याला फसविते. कारण विषय सोडूनही अनुत्तीर्णतेचा शेरा राहणार असेल, तर त्याचा मूळ हेतू विफल होतो. येथे यंत्रास प्रश्नामागील योजना ओळखावी लागते, आणि हेच आजच्या एजंटांपुढील अवघड काम होय.

मात्र कॅप्लन यांची युक्ती जशीच्या तशी आज उपयोगी पडत नाही. त्यांच्या माहितीसंग्रहाला सीमा होत्या. त्यात जे नाही ते नाहीच, असे मानता येई. विपुल लेखनावर घडविलेल्या आजच्या भाषाप्रारूपांत तपासण्याजोगे असे बंदिस्त संच नसतात. त्यांना पासलीची गाडी विचारली, तर वेळापत्रकही मिळू शकते. आणि आरक्षणाचा अधिकार दिला असेल, तर एजंट भलत्याच स्थानकाचे तिकीट काढून मोकळा होईल.