स्वमग्न मुलाची चाल : निदानाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित नोंद

स्वमग्नतेच्या वैद्यकीय इतिहासाचा आरंभ सामान्यतः १९४३ सालापासून मानला जातो. त्या वर्षी बाल्टिमोर येथील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या वर्तनाचे वर्णन प्रसिद्ध केले. मुलांचे एकाकीपण व सारखेपणाचा आग्रह यांसंबंधीची त्यांची निरीक्षणे पुढे वारंवार उद्धृत झाली. याच लेखात काही मुलांची चाल व स्थूल हालचाली बेडौल असल्याची नोंद आहे. ती मात्र सहसा उद्धृत होत नाही. १९४४ मध्ये व्हिएन्ना येथे हान्स आस्परगर यांनीही आपल्या रुग्णांच्या अवघडलेल्या हालचालींचे वर्णन केले होते.

या नोंदी मागे पडण्याचे कारण तत्कालीन विचारात सापडते. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या ग्रंथाने मातेच्या भावनिक थंडपणास दोषी धरणारा सिद्धान्त लोकप्रिय केला. वास्तविक बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्येच या विकाराचे मूळ मज्जासंस्थेत असल्याचे प्रतिपादन केले होते. परंतु दोष आईच्या वागण्यात शोधला जात असताना मुलाच्या पावलांकडे पाहण्याची निकड कोणास वाटणार?

चालीचा शास्त्रीय अभ्यास १९८१ मध्ये पुढे आला. व्हिलेन्स्की, दामासिओ व मॉरर यांनी स्वमग्न मुलांच्या चालण्याचे चित्रीकरण करून मोजमाप केले. पावलांतील अंतर कमी, पाय जमिनीवर टेकलेला राहण्याचा काळ अधिक, असे त्यांना आढळले. या चालीचे कंपवाताच्या रुग्णांच्या चालीशी साम्य असल्याने मेंदूतील हालचाल-नियंत्रक केंद्रांकडे लक्ष वेधले गेले.

भारतात भौतिकोपचाराचे शिक्षण पोलिओच्या निकडीतून रुजले. १९५२ च्या सुमारास मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात त्याचे विद्यालय सुरू झाले. पोलिओत स्नायूची दुर्बलता उघड दिसते. स्वमग्न मूल धावते, उड्या मारते. त्यामुळे त्याच्या चालीस उपचार हवेत, हे पालकांच्याही लवकर ध्यानात येत नाही. चवड्यांवर चालण्याची सवय दीर्घकाळ राहिल्यास पोटरीचे स्नायू आखडू शकतात. अशा वेळी स्नायू ताणण्याचे व्यायाम, घोट्याला आधार देणारी साधने, क्रमाक्रमाने बदलले जाणारे प्लास्टर, तोल साधण्याचा सराव व ट्रेडमिलवरील चालणे यांचा उपयोग केला जातो. या उपचारांचे पुरावे अद्याप बहुतांशी लहान अभ्यासांवर आधारलेले आहेत, हे मान्य करावे लागेल. शिवाय अनोळखी स्पर्श असह्य होणाऱ्या मुलाच्या बाबतीत चित्रे, ठरलेला क्रम व ओळखीची जागा यांवाचून व्यायामास आरंभच होत नाही.

अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या निदान-पुस्तिकेत विचित्र चाल व चवड्यांवर चालणे यांचा उल्लेख आला, परंतु पूरक लक्षण म्हणून. निदानाच्या निकषांत नव्हे. भारतात १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या कायद्याने २१ अपंगत्वांत तिला स्थान दिले. प्रमाणपत्रासाठी स्वीकारण्यात आलेल्या भारतीय मूल्यांकन श्रेणीत ४० प्रश्न व सहा विभाग आहेत : सामाजिक संबंध, भावनिक प्रतिसाद, भाषा व संप्रेषण, वर्तन, संवेदना आणि बोधन. चालीसाठी त्यांत स्वतंत्र विभाग नाही.