चार नकारांची एक जमीन

पनवेल तालुक्यातल्या ओवे गावाला आज खारघरच्या इमारतींनी वेढले आहे. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी या पट्ट्यात भातशेती होती आणि पलीकडे खाडी. 1970 साली सिडकोची स्थापना झाली, नव्या मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी संपादन करण्याचे ठरले आणि घराघरांत कागद शिरला. नोटिसा, सातबाऱ्याचे उतारे, मोबदल्याच्या पावत्या. या कागदांनी एक शब्द सर्वांच्या तोंडी रुजवला. तो शब्द म्हणजे 'बिगरशेती'.

जमीन तीच, पण तिला नावे चार. 1966 च्या जमीन महसूल अधिनियमाच्या मराठीत ती 'अकृषिक' होते. तलाठी तिला 'बिनशेती' म्हणतो, गावकरी 'बिगरशेती', आणि बिल्डर व दलाल 'एनए' म्हणजे नॉन-ॲग्रिकल्चरल. अर्थ एकच, की इथे आता शेती नाही. मात्र हा नकार चार वाटांनी आला आहे. या वाटा तपासल्या तर आपल्या भाषेचा, आणि आपलाही, बराच इतिहास हाती लागतो.

'अकृषिक' मधला 'अ' संस्कृत. पुढे स्वर आला की तोच 'अन्' होतो : अनादर, अनिष्ट. 'बिन' हा संस्कृत 'विना' चा वंशज : बिनचूक, बिनव्याजी. 'बिगर' चे मूळ फारसी 'ब' आणि अरबी 'गैर' यांच्या जोडीत, म्हणजे 'बगैर' मध्ये आहे. त्याला मराठी 'शेती' जोडली की एकाच शब्दात तीन भाषा नांदू लागतात. आणि 'नॉन' हा लॅटिन. त्याच्या पोटातही 'न' अधिक 'एक' असेच घटक आहेत.

सर विल्यम जोन्स यांनी 1786 साली कोलकात्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एका मूळ स्रोतातून निघाल्या असाव्यात असे मांडले. फारसीही त्याच कुळातली असावी, असे त्यांनी सुचवले. पुढच्या संशोधकांनी ते नाते पक्के केले. त्यामुळे आज आपण निश्चितपणे म्हणू शकतो की संस्कृत 'न', 'नापसंत' मधला फारसी 'ना' आणि इंग्रजीतले 'नो', 'नॉट', 'नेव्हर' हे एकाच घरचे आहेत. इंग्रजी 'अनहॅपी' मधला 'अन' हा तर आपल्या 'अनादर' मधल्या 'अन्' चा सख्खा भाऊ. सिडकोच्या कचेरीतला 'ना-हरकत दाखला' आणि 'नो ऑब्जेक्शन सर्टिफिकेट' यांच्या पहिल्या अक्षरांत हजारो वर्षांची भाऊबंदकी आहे. परक्या कुळातला खरा तो 'गैर', कारण अरबीचे घराणे निराळे. 'लाचार' मधला 'ला' ही अरबीच. आमचा कलिमा याच 'ला' ने सुरू होतो. आधी नकार, मग त्यातून होकार.

इंग्रजीच्या 'नॉट' ची कथाही ऐकण्यासारखी आहे. जुन्या इंग्रजीत क्रियापदाआधी नुसता 'ने' येत असे. तो उच्चारात क्षीण झाला, तेव्हा जोर देण्यासाठी 'कणभरही काही नाही' अशा अर्थाचा शब्द मागून जोडला गेला. तोच झिजत झिजत 'नॉट' झाला आणि मूळचा 'ने' गळून पडला. डॅनिश पंडित ओटो येस्पर्सन यांनी 1917 साली हे चक्र अनेक भाषांतून दाखवून दिले. नकार थकला की माणूस त्याला नवा आधार देतो.

मराठीने मात्र नकार वाटून घेतला. इंग्रजी जिथे बहुधा 'नॉट' वर भागवते तिथे आपल्याकडे नाही, नव्हे, नको, नये असे निरनिराळे शब्द आहेत. जमीन उरली नाही. ही जमीन सरकारची नव्हे. हा मोबदला नको. जमीन देऊ नये. या चार वाक्यांत नव्या मुंबईच्या शेतकऱ्याचा सगळा लढा मावतो. 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात शेतकरी रस्त्यावर उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मारले गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण त्यानंतर आले. 'नको' म्हणण्याची ही किंमत होती.

आता भाषेच्या शुद्धतेकडे वळू. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला आणि दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. विसाव्या शतकात, 1920 च्या दशकात, सावरकरांनी रत्नागिरीतून भाषाशुद्धीची चळवळ चालवली. फारसीचे प्राध्यापक माधव जूलियन यांनी 1925 साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि पुढे तेही शुद्धीच्या बाजूला गेले. या प्रयत्नांतून कितीतरी चांगले शब्द मराठीला मिळाले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तारखेला दिनांक मिळाला, हजर शेजारी उपस्थित बसला. पण नामे बदलता येतात, नकार बदलणे अवघड. कारण बे, ना, गैर हे तोवर पाहुणे उरले नव्हते. त्यांनी घरातल्या शब्दांशी सोयरीक केली होती. 'गैरसोय' मधली सोय, 'गैरसमज' मधली समज, 'नापीक' मधले पीक, 'बेपत्ता' मधला पत्ता इथलेच. 'नाकर्ता' आणि 'गैरवर्तन' यांत तर फारसी-अरबी उपसर्ग थेट संस्कृत शब्दांना लागला आहे. इराणात आज 'बी' म्हणतात. जुना 'बे' मराठीने जपून ठेवला.

देवघेव एकतर्फी नव्हती. दखनीत हैदराबादपर्यंत 'नक्को' ऐकू येते. तो मराठीचा 'नको'. आम्ही 'बे' आणला असे कोणी म्हणाले, तर 'नको' नेलाही, हे त्याला सांगावे.

हे सगळे लिहिण्याचे कारण एकच. आम्हा मराठी मुसलमानांना आजही अधूनमधून विचारले जाते, 'तुम्ही मराठी कसे काय बोलता?' विचारणाऱ्याच्या मनात आम्ही बिगरमराठी असतो. त्याने तो शब्द एकदा उलगडून पाहावा. ज्या 'बिगर' ने तो आम्हाला उंबऱ्याबाहेर ठेवतो, तोच फारसी-अरबी पाहुणा केव्हाचा त्याच्या माजघरात येऊन बसला आहे, आणि त्याला जा म्हणावे असे घरात कोणाला वाटत नाही.