तुटलेला बोल्ट आणि आट्यांचा इतिहास

वेदगंगेकाठच्या मुरगुडात एका गॅरेजमध्ये आम्ही मध्यंतरी एक जुनी विलीज जीप उघडलेली पाहिली. एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड उतरवताना एक बोल्ट इंजिनच्या ब्लॉकमध्येच तुटला होता. आम्ही मराठीचे अध्यापक; यंत्रातले आम्हांला फारसे कळत नाही. तरीही मेस्त्रींनी तो तुकडा कसा काढला हे पाहताना इतिहासाच्या साधनांविषयीची आमची एक समजूत डळमळली, म्हणून हे टिपण.

लोखंड गंजले की गंजाचे आकारमान मूळ धातूहून वाढते, आणि आटे जागच्या जागी जखडतात. अशा बोल्टवर पान्याने जोर दिला की डोके हातात येते आणि दांडा आत राहतो. ‘जोर लावून न्हाई चालत सर, जोरानंच तर मोडलाय त्यो,’ मेस्त्री म्हणाले. त्यांनी रॉकेलमिश्रित तेल सोडून रात्रभर वाट पाहिली. सकाळी तुटलेले तोंड कानशीने सपाट करून बरोबर मध्यावर पंच मारला. मध्य चुकला तर ड्रिल कठीण पोलाद सोडून ब्लॉकच्या तुलनेने मऊ बिडात शिरते आणि मूळ आटेच नष्ट होतात. मग बारीक भोक, त्यात उलट्या आट्यांचा निमुळता ‘इझीआउट’. तोही आत मोडला तर साधे ड्रिल त्याला लागत नाही. म्हणून मेस्त्री मध्येच थांबले, भोवतालचा भाग तापवला, निवू दिला, आणि मगच तुकडा फिरवून बाहेर काढला.

खरा इतिहास पुढे आहे. नवा बोल्ट दोन फेरे बसला आणि अडला. तो मेट्रिक होता, जीप अमेरिकन.

आट्यांना देश असतो, हे आम्हांला ठाऊक नव्हते. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये आट्यांचे प्रमाण सुचवले. त्यांचा कोन 55 अंशांचा. अमेरिकेत विल्यम सेलर्सने 1864 मध्ये 60 अंशांचा आटा मांडला. दुसऱ्या महायुद्धात दोस्तराष्ट्रांचे सुटे भाग एकमेकांना बसेनात, तेव्हा 1948 मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एक समान प्रमाण स्वीकारले. मॉरिस गाड्यांची गोष्ट तर अधिक चमत्कारिक. त्यांची इंजिने कॉव्हेंट्रीतील हॉचकिस या फ्रेंच कंपनीच्या कारखान्यात घडत. यंत्रे फ्रेंच, म्हणून आटे मेट्रिक. पाने इंग्रज, म्हणून बोल्टचे डोके व्हिटवर्थच्या मापाचे. कारखाना 1923 मध्ये मॉरिसने विकत घेतला, तरी ही संकरित रीत पुढे चालू राहिली.

आपल्याकडे महिंद्रांनी 1947 पासून जीप जोडायला सुरुवात केली. मॉरिस ऑक्सफर्डवरून घडवलेली अँबॅसडर 1957 ते 2014 पर्यंत निघत राहिली. दरम्यान 1956 च्या कायद्याने देशाने मेट्रिक मापे स्वीकारली. जुन्या गाड्यांवर हात बसलेल्या मेस्त्रीच्या डब्यात साम्राज्य, महायुद्ध आणि स्वातंत्र्य असे शेजारी शेजारी पडलेले असते. कोणता आटा कोणाचा, हे तो नखाने चाचपून सांगतो.

‘मेस्त्री’ हा शब्दच पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आलेला. तो मराठीत रुजला, पण या मंडळींचे ज्ञान मराठी गद्यात आले नाही. मुरगूड कागल जहागिरीतले. तिथला सर पिराजीराव तलाव जहागीरदाराचे नाव आजही सांगतो. ऊस, गुऱ्हाळे आणि ऑइल इंजिने यांच्या आधाराने कोल्हापुरात यंत्रविद्या वाढली. म्हादबा मेस्त्री शेलारांसारखी मोजकी नावे तिथे आदराने घेतली जातात. पण गावोगावच्या बाकीच्यांचे काय? त्यांची बखर नाही, दफ्तर नाही. बोलीभाषेचे प्रकल्प देताना आम्हीही विद्यार्थ्यांना ओव्या आणि म्हणी गोळा करायला पाठवतो. गॅरेजकडे बोट दाखवत नाही.

त्या मेस्त्रींचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे आणि गॅरेज पुढे चालवणारे कोणी नाही. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी तो गंजका तुकडा फेकला नाही, डब्यात ठेवला. ‘मापाला लागतो,’ म्हणाले. यंदाच्या प्रकल्पासाठी आम्ही दोन विद्यार्थ्यांना वही घेऊन तिथे धाडणार आहोत. उशीर आधीच झाला आहे.