ब्रिजमनाइट

ब्रिजमनाइट : अतिउच्च दाबाखाली तयार होणारे मॅग्नेशियम-लोह सिलिकेट खनिज. पृथ्वीच्या खालच्या प्रावरणात, सुमारे ६६० ते २,९०० किमी. खोलीवर, त्याचा साठा अफाट आहे. पृथ्वीच्या घनफळाचा सुमारे ३८ टक्के भाग त्याचाच असावा, असा अंदाज आहे. पृष्ठभागावर मात्र ते अत्यंत दुर्मिळ. इतक्या खोलीवरचा खडक सहसा वर येत नाही आणि दाब उतरल्यावर ही संरचना फार तग धरत नाही. म्हणून त्याचे नैसर्गिक नमुने शोधायचे ते मुख्यतः आघात सोसलेल्या अशनींत.

रासायनिक पृथक्करणावरून ते ओळखता येत नाही, कारण मॅग्नेशियम, लोह व सिलिका यांचे तेच प्रमाण पायरोक्सिनातही आढळते. भेद आहे तो अणूंच्या मांडणीत. ती पाहावी, तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या शलाकेखाली स्फटिक विस्कटून काचरूप होतो. ऑस्ट्रेलियात १८७९ मध्ये पडलेल्या टेनहॅम अशनीतील कणांवर सिंक्रोट्रॉनच्या सूक्ष्म क्ष-किरण झोताने विवर्तन मिळवले, तेव्हा कुठे हा पेच सुटला. नैसर्गिक नमुन्याची अशी तपासणी झाल्याशिवाय खनिजाला अधिकृत नाव मिळत नाही. त्यामुळे प्रयोगशाळेत कैक वर्षे बनवल्या जाणाऱ्या या पदार्थाचे बारसे २०१४ मध्ये झाले. नाव उच्च दाबाच्या संशोधनासाठी १९४६ चे नोबेल मिळवणारे पर्सी ब्रिजमन यांचे.

महाराष्ट्रातील नमुना काटोलचा. २२ मे २०१२ रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात एल-६ गटातील कोंड्राइट अशनीचे तुकडे पडले. आयआयटी खरगपूरचे सुजय घोष व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये त्यातील ब्रिजमनाइटाचे वर्णन प्रसिद्ध केले. हे खनिज आघाताने वितळून गोठलेल्या शिरांत, मेजोराइट या उच्चदाबी गार्नेटाच्या सोबतीने आढळते. २३ ते २५ गिगापास्कल दाबाखाली ते थेट वितळलेल्या द्रवातून स्फटिकले असावे. आधीच्या अशनींतील नमुन्यांचे संघटन पृथ्वीच्या पोटातील अपेक्षित ब्रिजमनाइटाशी जुळत नव्हते. काटोलच्या नमुन्यात ॲल्युमिनियम आहे, आणि लोहापैकी सुमारे ६९ टक्के त्रिसंयुजी आहे. प्रयोगांतून हेच अपेक्षित होते. काटोलचे खरे मोल यात आहे.

असे नमुने अशनींतच मिळत असल्याने आधी अशनी ओळखता यायला हवी, आणि दख्खन ट्रॅपच्या बेसाल्टी प्रदेशात येथेच फसगत होऊ शकते. उदाहरणार्थ, बेळगाव–निपाणी पट्टा या ट्रॅपच्या दक्षिण कडेला येतो. तेथील शेतात सापडलेला काळा, जड दगड लोहचुंबकाला चिकटला, एवढ्यावर त्याला अशनी म्हणू नये, कारण बेसाल्टातही मॅग्नेटाइट असते. वितळून बनलेली पातळ काळी साल आणि कापलेल्या पृष्ठावर चमकणारे निकेलयुक्त लोहाचे कण ही त्याहून भरवशाची लक्षणे. ब्रिजमनाइट डोळ्यांना दिसणे शक्यच नाही.

आघाताच्या खुणा अशनींप्रमाणेच आघात झालेल्या जमिनीवरही राहतात. लोणारचे आघात-विवर याच ट्रॅपच्या बेसाल्टात आहे. तेथील आघातग्रस्त खडकांत मास्केलिनाइट मिळते. फेल्डस्पाराचा स्फटिक न वितळता आघाताने काचरूप झाला की ते बनते. त्याची ओळख तुलनेने सोपी : सूक्ष्मदर्शकाखाली काटकोनात लावलेल्या ध्रुवकांमध्ये चकती कशीही फिरवली, तरी ते काळेच राहते.